बेडूक ज्यांच्यासाठी थांबत नसत

माझ्या धानाच्या तीन बांध्या आज माझ्याच हातात आहेत त्या मामाजींमुळे. काय झालं ते मागाहून सांगते. आधी त्यांचे उपकार सांगितले नाहीत तर मला पुढं लिहवणार नाही.

"थांब वो बाई. वावर बोलून राहिलं."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. धुऱ्याच्या तोंडाशी चपला काढायच्या, डावा हात खांद्याइतका वर करून पंजा पसरायचा आणि मान जराशी कलती करून उभं राहायचं. मागे चार माणसं असोत की दहा, सगळी तिथंच थांबायची. आमच्या गटाचे अध्यक्ष हातातला तपासणीचा फॉर्म खाली करायचे. मग मामाजी एकटेच पुढं जायचे.

आता पुढचं नीट ऐका, कारण मी स्वतः पाहिलं नसतं तर मीही मानलं नसतं. पावसाळ्यात दिवस बुडायला आला की धानाच्या शेतात बेडूक ओरडायला लागतात. माणसानं धुऱ्यावर पाय ठेवला की जवळचे गप होतात. आपण चालू तशी ती शांतता आपल्याबरोबर चालते, दहा पावलं पुढं, दहा पावलं मागं. तुम्हीही कधी धानाच्या मुलखात गेला असाल तर हे पाहिलं असेल. लहान लेकरू असो की कुत्रं, बेडूक थांबतातच. मामाजी चालत तेव्हा एकही थांबत नसे. डोळे मिटून बसलात तर धुऱ्यावरून कोणी गेलं हे कळायचंच नाही.

पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं. पाय होते. चिखलात बोटंही उमटत होती. तरी त्या दिवशी घरी येऊन मी सासूबाईंच्या शेजारी बसून राहिले, उठलेच नाही.

मी उस्मानाबादकडची. सातवीत शाळा सुटली. आमच्याकडे पाण्याचा आवाज म्हणजे टँकरचा. लग्न झालं तेव्हा नवरा पुण्याच्या एका कंपनीत होता. ती बंद पडली आणि आम्ही त्याच्या गावी आलो, गोंदियाकडच्या गोरेगाव तालुक्यात. वर्षभरात त्याला नागपूरला काम लागलं. महिन्यातून एकदा यायचा. मागं राहिलो मी, सासूबाई आणि त्याच्या वाट्याचं एक एकर. म्हणजे तीन बांध्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी बांध घालून पाणी धरलेला धानाचा तुकडा, आणि त्या बांधाला इकडं धुरा म्हणतात. हे दोन शब्दसुद्धा मला लग्नानंतर शिकावे लागले.

पहिल्या पावसाळ्यात तो बेडकांचा कल्ला ऐकून मी दार लावून घेतलं होतं. सासूबाईंना म्हटलं, "शेत माझ्यावर ओरडतंय असं वाटतं."

"तुह्यावर कायले ओरडन?" त्या म्हणाल्या. "तू कोन?"

बरोबरच होतं त्यांचं. मी कोण होते?

नवऱ्याच्या थोरल्या भावाला, म्हणजे माझ्या भासऱ्यांना, ते एकर स्वतःच्या शेतात मिळवून घ्यायचं होतं. माणूस वाईट नाही, पण तोंडावर बोलणारा. म्हणाले, "ज्वारीच्या मुलखातली पोरगी धान काय करन? एक साल पाहातो. नाही जमलं तं मी वाहातो." ते एकर गेलं असतं तर मी त्या गावात कशासाठी राहिले असते, मला सांगता आलं नसतं.

त्याच साली गावात गट झाला. गोंदियाच्या बाजारात चिन्नोर तांदूळ विकत घेणारा व्यापारी म्हणत होता, बिनऔषधाचा असल्याचा कागद आणा, चांगला भाव देतो. पण बाहेरून तपासणीचा साहेब आणायचा तर त्याची फी आमच्यासारख्यांच्या आवाक्यातली नाही. एका संस्थेच्या ताईंनी दुसरा रस्ता सांगितला. गावातल्याच पाच जणांनी गट करायचा. औषध आणि रासायनिक खत वापरणार नाही अशी शपथ घ्यायची. एकमेकांच्या शेतात जाऊन पाहायचं, पाहिलं ते लिहायचं आणि एकमेकांची हमी द्यायची. त्या हमीवर कागद मिळतो. म्हणजे साहेब नाही, शेजारीच साहेब. आणि एकानं खोटं केलं तर पाचही जणांचा कागद जातो.

पाच जण झाले. सौंदडला रेल्वेत नोकरी करून आलेले एक गृहस्थ अध्यक्ष, ते अर्धं हिंदीत बोलायचे. त्यांची बायको. एक काका. मी. आणि मामाजी. इकडं सुना सासऱ्याच्या वयाच्या माणसाला मामाजी म्हणतात. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण त्यांना स्वतःचं नाव कागदावर आवडत नसे. सही येत असून अंगठा लावायचे. अध्यक्ष चिडायचे, "अरे, पढेलिखे हो ना?"

"नाव कोनीबी लिव्हते," मामाजी म्हणायचे. "आंगठा माह्याच हाताले हाये."

गटाचं रजिस्टर लिहायचं कोणी, असा प्रश्न निघाला तेव्हा मी पदर सारखा करत खाली बघत बसले. मामाजींनी पेन उचललं आणि माझ्यापुढं ठेवलं. मी म्हटलं, "मामाजी, माझी सातवीच झालीय. चुकेल."

"कायले भेतेस? चुकलं तं खोडजो. फक्त दिसलं तेच लिवजो."

मी एकेक ओळ तीनदा वाचायचे. रात्रीत अक्षरं बदलतील अशी भीती वाटायची. पण तेव्हापासून मी लिहिते आहे, आज हेही लिहिते आहे, ते त्या पेनामुळं.

इतर गटांची तपासणी सकाळी व्हायची, चहा-पोहे घेऊन. आमची दिवस बुडायच्या बेताला, कारण मामाजी दुसऱ्या वेळी यायचेच नाहीत. पहिल्याच फेरीत काकांच्या शेतावर ते धुऱ्याच्या मधोमध थांबले, बराच वेळ थांबले, मग मागं वळून म्हणाले, "पोतं कोठी लपवलं गा?"

"कोनतं पोतं?"

"तुह्या बेडकाईले मालूम हाये ते."

काकांच्या गोठ्यात तणसाखाली, म्हणजे धानाच्या पेंढ्याखाली, युरियाचं अर्धं पोतं निघालं. अजून टाकलं नव्हतं, मन होत होतं एवढंच. काका म्हणाले, "बुढ्याच्या कानात बेडूक बसला आहे, यार." सगळे हसले. मामाजी हसले नाहीत. "टाकलं नाही तं पोतं वापस कर," म्हणाले आणि चपला घालून निघाले. त्या काकांना मग गावात युरियाकाका नाव पडलं.

धानाची रोपं लावणाऱ्या रोवणीच्या बायका मला सांगायच्या, त्या बुढ्याजवळ फार उभी राहू नको, त्याले खालचं आयकू येते. खालचं म्हणजे काय, ते कोणी सांगत नसे. विचारलं की हातातल्या पेंढीकडे बघायच्या. एक मात्र मी पाहिलं होतं. त्यांच्या स्वतःच्या बांधीत, बोडीच्या म्हणजे शेततळ्याच्या वरच्या अंगाला, संध्याकाळी इतका गजर असायचा की शेजारी उभं राहून बोललेलं ऐकू येत नसे. आणि त्या गजरात ते उभे असायचे, कोणाचं तरी म्हणणं ऐकून घ्यावं तसे, मधेच मान हलवत.

धान पोटरीत आलं, लोंब्या फुटायच्या बेतात, आणि तुडतुड्याची कीड पडली.

मधल्या बांधीत ताटाएवढं वर्तुळ करपलं. दुसऱ्या दिवशी ते सुपाएवढं झालं. मी कडुनिंबाचा अर्क मारला, पाणी सोडून बांधी कोरडी केली, ताईंनी सांगितलं ते सगळं केलं. तिसऱ्या दिवशी भासरे धुऱ्यावर उभे राहून म्हणाले, "जळून राहिलं. मी म्हनलो होतो." एवढंच बोलून गेले.

त्या दुपारी मी शेजाऱ्याच्या शेतातल्या झोपडीतला फवारणीचा पंप उचलला. औषधाची बाटली तिथंच होती. मधल्या बांधीत मारलं, पूर्ण बांधीत. कोणी पाहिलं नाही. पंप धुऊन जागेवर ठेवला. हात किती वेळा धुतले ते आठवत नाही.

तुडतुडा थांबला. आणि त्याच संध्याकाळपासून मधली बांधी गप झाली. वरच्या बांधीत आवाज, खालच्या बांधीत थोडा आवाज, मधे काही नाही. तोंडातला एक दात पडल्यावर जीभ सारखी तिथंच जाते ना, तसे माझे कान सारखे तिथं जायचे. तपासणी चार दिवसांवर होती.

मी काय केलं ते आज लिहितानाही लाज वाटते. तपासणीच्या दिवशी दुपारी मी बादली घेतली, बोडीच्या काठावर गेले आणि बेडूक धरले. उस्मानाबादची मी, बेडकाला हात लावताना ओरडणारी, चिखलात गुडघे टेकून बेडूक धरत होते. बादलीवर लुगड्याचा तुकडा बांधला. आतून ते तुकड्याला ढुश्या देत होते. मधल्या बांधीत पुन्हा पाणी घेतलं होतं, त्यात बादली उपडी केली. डुबुक डुबुक गेले सगळे. मला वाटलं, झालं. संध्याकाळी बोलतील.

दिवस कलला. पाचही जण आलो. भासरेही आले होते, ते गटात नव्हते, पण आले. मामाजींनी चपला काढल्या, डावा हात वर केला. आणि या वेळी नेहमीचं वाक्य बोललेच नाहीत.

मधल्या बांधीच्या धुऱ्यावर बेडूक बसले होते. सगळेच्या सगळे, पाण्यात एकही नाही. ओळीनं बसले होते, बांधीकडे पाठ करून, तोंडं बोडीच्या दिशेला. गळा हलत होता, पण आवाज नव्हता. आम्ही जवळ गेलो तरी एकानंही उडी मारली नाही. अध्यक्षांच्या बायकोनं माझा दंड धरला. तिचा हात गार होता.

मामाजी उकिडवे बसले. एका बेडकाकडे बराच वेळ पाहिलं. मग मान वर न करता विचारलं, "हे पाहुने कोनाचे?"

मी म्हटलं, "माझे. मी आणलेत. बादलीनं." आणि मग सगळं सांगितलं, पंप, बाटली, दुपार, सगळं. बोलताना मला माझाच आवाज फार मोठा वाटत होता, कारण दुसरा कसलाही आवाज तिथं नव्हता.

"निकाल दो गट से," अध्यक्ष म्हणाले. "सबका कागद जाएगा."

युरियाकाका जमिनीकडे पाहत म्हणाले, "माह्या पोत्याच्या टायमाले तं मले नाही काढलं."

"तूने डाला नहीं था."

"मनात तं टाकलं होतं ना."

मामाजी अजून उकिडवेच होते. "लपवलं असतं तं काढलं असतं," ते म्हणाले. "तिनं सांगतलं. बाई, रजिस्टर काढ. लिव्ह."

मी लिहिलं. 'मी माझ्या मधल्या बांधीत औषध मारलं.' अक्षर वेडंवाकडं आलं. खाली मामाजींनी पहिला अंगठा लावला. मग अध्यक्षांनी कपाळाला आठ्या घालून सही केली आणि म्हणाले, "पानी तो नीचे जाता है. खालची पन गेली." खरं होतं. मधल्या बांधीचं पाणी धुरा फोडून खालच्या बांधीत सोडतात. म्हणजे दोन बांध्या गेल्या. त्यांचा हिशेब पुन्हा पहिल्या दिवसापासून, म्हणजे पुढची तीन सालं त्यांच्या धानाला कागद नाही. राहिली एकटी वरची.

भासरे धुऱ्यावर पुढं आले. आता म्हणाले, "एका बांधीत काय होते? आता देऊन टाक मले."

मामाजी उठले. त्यांच्या गुडघ्यांचा आवाज झाला, तोही मला ऐकू आला. "तुह्या बापानं मले पंप घेऊन देल्ला होता," ते भासऱ्यांना म्हणाले. "तू लहान होता. या गावात पहिला फवारा मी मारला. आन पहिला याच बांधीत. मंग साऱ्या शिवारात मीच मारत होतो, लोकं बलावत. एक दिवस सांजेले इथीच उभा होतो. काहीच आवाज नोहता. मले माहेच कान आयकू आले. रगत फिरते ना कानात, ते." मग म्हणाले, "तवापासून मी आयकतो."

त्यांनी मधल्या बांधीकडे हात केला.

"तीन साल मी या बांधीत उभा राहातो. तीन सालात बेडूक वापस नाही आले तं घे तू. हमी माही."

भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मामाजींकडे. "तीन साल," म्हणाले आणि गेले. त्यांच्या पाठोपाठ धुऱ्यावरचे बेडूक एकेक करून बोडीकडे निघाले.

मामाजी आले. पावसाळाभर, दर आठवडी बाजाराच्या दिवशी, गोरेगावहून परत येताना. पिशवी धुऱ्यावर ठेवायची, चपला काढायच्या आणि मधल्या बांधीत घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहायचं. मी वरच्या बांधीतून बघायचे. पहिल्या साली ते नुसती मान हलवायचे, नाही. दुसऱ्या साली रोवणीनंतर एका संध्याकाळी त्यांनी हात वर केला आणि मोठ्यानं म्हणाले, "एक."

मला काही ऐकू आलं नव्हतं. खरं सांगते, काहीच नाही. मी विचारलं, "खरंच बोलला का, मामाजी?"

"बोलला. भेऊन राहिला, म्हनून हरू बोलला." मग पिशवीतून बाजारातली जिलेबी काढून मला दिली. कागद तेलानं पारदर्शक झाला होता.

तिसऱ्या पावसाळ्याच्या आधी उन्हाळ्यात ते गेले. आजार वगैरे काही नाही. बांधी कोरडी पडलेली, भेगा गेलेल्या, तिच्या धुऱ्यावर बसल्या बसल्या गेले. चपला धुऱ्याच्या तोंडाशी काढून ठेवलेल्या होत्या. उन्हाळ्यात बेडूक जमिनीत खोल असतात. कोणी ओरडलं नाही, कोणी गप झालं नाही.

तिसऱ्या सालची तपासणी आली. अध्यक्ष, त्यांची बायको, युरियाकाका, मी, आणि गटात नवीन आलेला एक जण. भासरेही. आम्ही धुऱ्यावर पाय ठेवला आणि जवळचे सगळे बेडूक गप झाले. थांबलो. वाट पाहिली. वरच्या बांधीतून हळूहळू आवाज आला. खालच्या बांधीतून आला. मधल्या बांधीतून काही नाही. भासऱ्यांनी घसा साफ केला. मी रजिस्टर छातीशी धरलं होतं, पुठ्ठा घामानं ओला झाला.

मग मधल्या बांधीच्या मधोमध एक बोलला. मामाजी उभे राहायचे तिथंच. मग दुसरा. मग तिथून तो आवाज सगळीकडे पसरत गेला, धुऱ्यापर्यंत आला, आमच्या पायापाशी आला. आम्ही सहा जण तिथं उभे असताना आला.

भासरे चपला काढत होते. का काढत आहेत हे त्यांनाही कळलं नसावं. "कोन उभं हाये तेथी?" त्यांनी हळूच विचारलं.

कोणी नव्हतं. धान होतं.

अध्यक्षांनी फॉर्म भरला. एक रकाना रिकामाच ठेवला, अंगठ्याचा. वरच्या कार्यालयातून त्याबद्दल कधी विचारणा झाली नाही. भासऱ्यांनी त्यानंतर बांध्यांचा विषय काढला नाही.

तेव्हापासून मी संध्याकाळी शेतात एकटी असले की एकच गोष्ट डोक्यात येते. बेडूक गप झाले की मला कळतं, कोणीतरी आलं. ते ओरडत असले की कोणी नाही असं म्हणावं. पण मामाजींसाठी ते कधी गप झालेच नाहीत. म्हणून सगळं शिवार गजरत असतं तेव्हाच मी धुऱ्याकडे पाहते, आणि पदर सारखा करते.

त्यांची स्वतःची बांधी, बोडीच्या वरची, पुतण्यानं ठेक्यानं दिली आहे. घेणारा पंपानं मारतो. बाजारातून येताना मी तिथून जाते. आवाज नसतो. थांबलं तर स्वतःचे कान ऐकू येतात, रक्त फिरतं ते.

मामाजी, तुमची ती बांधी एक दिवस मी ठेक्यानं का होईना घेईन. तीन सालं तिच्यात उभी राहीन, चपला काढून, दर बाजाराच्या दिवशी. आणि पहिला बोलेल, कितीही हळू बोलला तरी, मी हात वर करून मोठ्यानं म्हणेन, एक.